काल-आजमधी काय बदललं?

माझ्या साडूने आयुष्यात एकही गोष्ट मोजल्याशिवाय दुरुस्त केलेली नाही. सर्व्हर असो, कूलर असो, लग्नाची पंगत असो की माझं दुखणारं पोट असो, कुठंही काही अडलं, मंदावलं, कण्हायला लागलं की हा गृहस्थ आधी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवणार, वही उघडणार आणि आजूबाजूच्या सगळ्या उतावळ्या माणसांना, म्हणजे मुख्यतः मला, हाताने ‘थांबा’ अशी खूण करणार. मी जन्माचा उतावळा. चहा गार व्हायची वाट न पाहता जीभ भाजून घेणाऱ्यांतला. अशा माणसाला देवाने असा साडू द्यावा, यात देवाची काही तरी गंमत असली पाहिजे. त्यांचं ते घड्याळ बाहेर निघालं की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बरं, रागावून उपयोग नाही. मी किती वेळ रागावलो होतो तेही त्यांनी वहीत लिहिलं असतं.

त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, सिंदेवाहीच्या. मी सावली गावात शाळामास्तर, आणि साडभाऊ चंद्रपूरला एका लहानशा कंपनीत. ते तिथं काय करतात हे सासरच्या मंडळींना वीस वर्षं कळलं नाही. ‘सर्व्हरवर ध्यान ठेवते’ एवढंच सासूबाई लोकांना सांगत. त्यावर शेजारच्या एका आजीने सरळ विचारलं होतं, “म्हंजे चौकीदारी हाय काय जी?” सासूबाई कानकोंड्या झाल्या. जावई मात्र शांतपणे म्हणाले, “तसंच समजा आजी. फरक इतकाच का चौकीदाराले टोपी भेटते.” मला त्यांनी एकदा नीट समजावून सांगितलं होतं. दूर कुठंतरी थंडगार खोलीत यंत्रं असतात. आपण फोनवर एखादी साइट उघडली की आपलं मागणं त्या यंत्राकडे जातं आणि ते यंत्र हवं ते पान तयार करून आपल्याकडे धाडतं. एकाने मागितलं तर चुटकीसरशी, पण एकाच वेळी हजारांनी मागितलं की यंत्राला धाप लागते. ही धाप नेमकी कुठं लागते ते शोधायचं आणि ती घालवायची, हे साडभाऊंचं काम. ऐकायला सोपं आहे. पण धाप लागलेल्या यंत्राजवळ बसून त्याचे श्वास मोजायला जो धीर लागतो, तो माझ्या सात पिढ्यांत कुणाकडे नसेल.

हा धीर त्यांना मूल गावच्या एका राईस मिलमध्ये मिळाला म्हणतात. कॉलेजात असताना ते मामाच्या मिलवर काम करायचे. मशीनचा आवाज बदलला की बाकीचे पान्हे घेऊन धावायचे, आणि हे मात्र मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. पाच मिनिटांनी म्हणायचे, “डाव्या बाजूची बेअरिंग पाहा.” तीच निघायची. पुढे कॉम्प्युटर शिकले, नोकरीला लागले, पण हात ठेवायची सवय गेली नाही. सर्व्हर बिचारा शेकडो मैलांवर, त्यावर हात कसा ठेवणार? म्हणून ते टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवून बसायचे. एखाद्या बैलाला थोपटावं तसं. ऑफिसातली नवी मंडळी हसायची. पण साइट बंद पडली की तीच मंडळी ह्यांच्या खुर्चीभोवती गोळा व्हायची.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुणी काहीही बिघडलं म्हणून सांगत आलं की साडभाऊ आधी विचारणार, “काल चालू होतं ना? मंग काल-आजमधी काय बदललं?” सर्व्हरवाल्यांचा हा प्रश्न म्हणे फार मोलाचा असतो. असेल. पण तो त्यांनी ऑफिसात ठेवून यायला काय हरकत होती? एकदा चंद्रपूरला त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळी माझ्या पोटात असा काही गोळा आला की मी भिंत धरून उभा. साडभाऊ काळजीने जवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “गुरुजी, काल ठीक होते ना? मंग काय बदललं?” मी कळवळत म्हटलं, “काल तुमच्याकडे जेवलो!” आतून मेहुणीने भांडं आपटलं ते ऐकूनच माझं अर्धं पोट बरं झालं. साडभाऊंनी मात्र गंभीरपणे वही काढून मी काय काय खाल्लं ते लिहून घेतलं, आणि शेवटी ठरवलं की दोष स्वयंपाकाचा नसून तिसऱ्यांदा घेतलेल्या वांग्याच्या भाजीचा आहे. तिसऱ्यांदा! म्हणजे हे जेवताना मोजत होते.

माझ्या मेहुणीची मला खरोखर दया यायची. एके दिवशी चहाचा कप हातात घेत साडभाऊ म्हणाले, “आज चहाले सहा मिनिटं लागले. काल पाच लागले होते. काय बदललं?” ती म्हणाली, “भांडं बदललं. आता नवराबी बदलवतो.” साडभाऊ म्हणाले, “एका वेळी एकच बदलव. नाई तं चहा कशानं सुधारला ते समजनार नाई.” आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? ती हसली, आणि मीही कपात तोंड खुपसून हसलो.

पण ‘एका वेळी एकच’ ही त्यांची थट्टा नव्हती, श्रद्धा होती. माझी जुनी मोटरसायकल एकदा ऐन चढावर धुगधुगायला लागली. घरी आणून मी माझ्या स्वभावाप्रमाणे प्लग बदलला, ऑइल बदललं, एअर फिल्टर बदलला, आणि रागाच्या भरात आरसाही बदलला. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. मी मोठ्या अभिमानाने साडभाऊंना फोन करून गाडीचा आवाज ऐकवला. पलीकडून एक दीर्घ सुस्कारा. “गुरुजी, चालू झाली याचं दुःख नाई. पन कशानं चालू झाली, ते आता आपल्याले कधीच समजनार नाई.” त्यांचा आवाज इतका खिन्न होता की मला वाटलं आपण गाडी सुरू करून काही तरी पाप केलं. सर्व्हर अडला की बंद करून पुन्हा सुरू करणाऱ्यांवरही त्यांचा असाच राग. “बंद करून चालू केलं का चालते, मले माहीत आहे. पन त्यात साक्षीदारच मरून जाते. मंग गुन्हा कोनाच्या नावावर लिहू?”

त्यांची खरी कर्तबगारी मी पाहिली ती सिंदेवाहीला, चुलत मेहुणीच्या लग्नात. वऱ्हाड भद्रावतीचं, उन्हाने आणि भुकेने तापलेलं. पहिली पंगत बसली आणि जी अडकली ती उठेचना. पानावर भात येऊन वाळून चाललेला, वरणाचा पत्ता नाही. नवरदेवाचे काका आचाऱ्याच्या नावाने ओरडताहेत, आचारी वाढप्यांच्या नावाने, आणि सासरेबुवा घामाने थबथबलेले. मी कुठं स्वस्थ बसणार? मांडवात दिसतील तेवढे सहा धट्टेकट्टे नातेवाईक धरले, प्रत्येकाच्या हातात बादली दिली आणि म्हटलं, चला, वाढा! पंगत आणखी हळू झाली. सहा जण बादल्या घेऊन एकमेकांवर आदळायला लागले, आणि एकाने तर वरणाऐवजी पाणीच आणलं. तेवढ्यात माझं लक्ष मांडवाच्या खांबाकडे गेलं. तिथं आमचे साडभाऊ घड्याळ हातात घेऊन उभे! माझं टाळकंच सरकलं. “अहो, इथं अब्रू चालली आणि तुम्ही वेळ काय पाहता?” ते म्हणाले, “दोन मिनिट.” दोन मिनिटांनी वही मिटली आणि सांगितलं, “भात तयार आहे. वरण तयार आहे. वाढपी आधी आठ होते, आता चौदा आहेत. पन गंजातून वरण काढाची पळी एकच आहे. सगळे तिच्यासाठी उभे आहेत.” शेजारच्या घरातून दोन पळ्या आणल्या आणि वरण धो धो वाहायला लागलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अन् गुरुजी, तुमचे सहा मानसं बसवा.” “कुठं बसवू?” “जेवाले.”

काकांचा राग वरणाबरोबर गिळला गेला. पण मला त्या दिवशी दुसरंच काही दिसलं. साडभाऊ शेवटच्या पंगतीच्या अगदी शेवटच्या पानावर बसले. सासरेबुवा हाताला धरून ओढत होते, जावयाने आधी बसावं म्हणून, तरी नाही. मी विचारलं तर म्हणाले, “पहिल्या पंगतीले विचारून जेवन कसं झालं ते समजत नसते जी. शेवटच्याले किती वेळ लागला, तेवढंच खरं.” हे वेड त्यांचं सर्व्हरबाबतीतही होतं. ऑफिसात कुणी सांगितलं की साइट सरासरी दोन सेकंदांत उघडते, तर ह्यांचा चेहरा आंबट. “सरासरी जाऊ द्या. सगळ्यात मांगं जो उभा आहे, त्याचं सांगा.”

त्या मागं उभ्या असलेल्या माणसाला शोधायला ते खरोखरच जायचे, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. एका रविवारी मलाही घेऊन गेले. गडचिरोलीपर्यंत एक एस्टी, तिथून धानोऱ्याच्या पुढे दुसरी, आणि मग पायी. का, तर तिथं एका मोहाच्या झाडाखाली नेटवर्कच्या जेमतेम दोन काड्या येतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांच्याकडे एक जुना, काचेला तडा गेलेला फोन होता, मुद्दाम या कामासाठी जपलेला. “लोकांपाशी असेच फोन असते,” असं म्हणत. झाडाखाली बसून त्यांनी स्वतःच्याच ताब्यातली एक साइट उघडायला लावली आणि घड्याळ समोर ठेवलं. मोहफुलं वाळत घालणारी एक बाई आमच्याकडे बराच वेळ पाहत होती. शेवटी न राहवून तिने विचारलं, “कोनाची वाट पाहून राह्यले जी भाऊ?” साडभाऊ म्हणाले, “आमच्या साइटची, बाई. येऊन राह्यली हळूहळू.” बाईने सहानुभूतीने मान हलवली आणि दोघांनाही पाणी आणून दिलं. एक्केचाळीस सेकंद लागले. साडभाऊंनी ते लिहिलं आणि बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. “चंद्रपुरात हे तीन सेकंदात उघडते, गुरुजी. मी आठ दिवसांपासून सोतावर खूश होऊन राह्यलो होतो.” मला कडकडून भूक लागली होती, म्हणून मी फार काही बोललो नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझी मान खाली जाते. पण सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी पल्लवी बारावी झाली होती आणि तिला नर्सच व्हायचं होतं, दुसरं काही नाही. आमच्या भागातल्या काही नर्सिंग कॉलेजांनी मिळून प्रवेशाची एक साइट केली होती, आणि योगायोग असा की त्या साइटचा सर्व्हर सांभाळायचं काम साडभाऊंच्या कंपनीकडे होतं. शेवटच्या फेरीत पल्लवीला गडचिरोलीची जागा मिळाली. आनंदीआनंद! फक्त एक करायचं होतं. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत साइटवर जाऊन ‘जागा मान्य’ या बटनावर बोट ठेवायचं. पाच वाजून गेले की जागा दुसऱ्याला. सकाळी अकराला पल्लवी फोन घेऊन बसली आणि पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं. साडेअकरा, बारा, चाक आपलं फिरतंच आहे. मी शाळेतून रजा टाकून आलो. माझा फोन, बायकोचा फोन, पल्लवीचा फोन आणि शेजारून मागून आणलेला लॅपटॉप, अशी चारी आयुधं मी घरच्या वायफायला जोडली, ओळीने मांडली आणि पान पुन्हा पुन्हा मागवायला लागलो. या फोनवर एकदा, त्या फोनवर एकदा, पुन्हा ह्याच्यावर. पल्लवी म्हणाली, “बाबा, जरा थांबून पाहा ना.” मी तिच्यावर खेकसलो.

मग साडभाऊंना फोन लावला. पलीकडे नेहमीचा शांत आवाज. “काल चालू होती, गुरुजी. काय बदललं ते समजलं. आता भार कसा उतरवाचा ते पाहून राह्यलो.” मी म्हटलं, “पाहा सावकाश. पण आधी पल्लवीचं काम करा. तुम्ही आतले माणूस. आतूनच तिचं ‘मान्य’ करून टाका.” ते म्हणाले, “ते नाई होत, गुरुजी.” “काऊन नाई होत?” माझ्याही तोंडून घरचीच भाषा आली. “तुमची भाची आहे ती! पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!” ते म्हणाले, “इथी सातशे पोरी दारात उभ्या आहेत. मी दार मोठं करू शकतो. कोन्या एकीले मागच्या दारानं नाई घेऊ शकत. अन् एक ऐका. दहा मिनिटं फोन पालथा ठेवा. बटन दाबू नका.”

मी फोन आपटला. बायकोच्या देखत तिच्या बहिणीच्या घराबद्दल नको ते बोललो. असला कसला नातेवाईक, वेळेला कामी न येणारा, वहीत आकडे लिहिणारा दगड! बायकोने चुलीवरचं झाकलं आणि ती आत जाऊन बसली. आणि मी? फोन पालथे ठेवले असतील म्हणता? छे! रागाच्या भरात दुप्पट जोराने चारही ठिकाणी बोटं चालवायला लागलो. दोन वाजले, तीन वाजले. पल्लवी आता रडतही नव्हती, नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. चार वाजले. आणि चारनंतर, पंधरा-वीस मिनिटांनी, काही कळायच्या आत पान खटकन उघडलं. पल्लवीने बटनावर बोट ठेवलं. ‘आपली जागा निश्चित झाली आहे.’ आम्ही तिघंही एकमेकांच्या गळ्यात पडलो आणि शेजाऱ्यांचा लॅपटॉप खाली पडता पडता वाचला.

त्यानंतर निदान तीन वर्षं मी ही कथा जिथं तिथं सांगत फिरलो. बारशाला, लग्नाला, एस्टीच्या स्टँडवर. कथेचं तात्पर्य असं, की सगळ्यांनी आशा सोडली होती, पण मी बटन दाबायचं सोडलं नाही, म्हणून साइट उघडली. कधी कधी साडभाऊ समोरच बसलेले असायचे. मी मुद्दाम आवाज चढवून सांगायचो, “काही लोक म्हणत होते, फोन पालथा ठेवा!” लोक हसायचे. साडभाऊही हसायचे आणि माझ्या पानात भात संपला आहे असं वाढप्याला खुणेने सांगायचे. त्यांनी एकदाही, एका शब्दानेही मला खोडलं नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या कंपनीने चंद्रपूरचं ऑफिस बंद केलं. त्यांचा मुलगा हैदराबादला असतो. तो म्हणाला, इकडेच या. सामान आवरायला मी आणि बायको गेलो होतो. मेहुणीने तांदळाच्या एका रिकाम्या पोत्यात साडभाऊंच्या सगळ्या वह्या भरल्या होत्या आणि ते पोतं रद्दीत निघालं होतं, कारण मुलाच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. साडभाऊ दारात उभे राहून पाहत होते. मला काय वाटलं कोण जाणे, म्हटलं, राहू द्या, मी नेतो, मागची कोरी पानं शाळेत उपयोगी पडतील. ते पटकन म्हणाले, “न्या, न्या.” रेल्वे स्टेशनावर गाडी वीस मिनिटं उशिरा होती. त्यांनी सवयीने वही काढायला खिशात हात घातला, मग हात तसाच बाहेर काढला. मला ते पाहवलं नाही.

पोतं सावलीच्या घरी कोपऱ्यात पडून राहिलं. एका दुपारी कोरी पानं शोधायला बसलो आणि कोरी पानं राहिली बाजूला. काय नव्हतं त्या वह्यांत! सर्व्हरच्या नोंदी, मधेच कूलरची मोटर, मधेच सिंदेवाहीची पंगत: ‘पळी १. माणसं १४. गुरुजी +६, उपयोग नाही.’ मी एकटाच खोखो हसलो. आणि मग पल्लवीच्या प्रवेशाचा तो दिवस सापडला. अक्षर नेहमीसारखंच, ओळींवर नीट बसलेलं.

‘११.४०. काल-आज फरक: कॉलेजवाल्यांनी काल सायंकाळी पहिल्या पानावर सर्व मुलींची यादी फोटोंसह टाकली. कोणीही पान मागितले की सर्व्हर सगळी यादी नव्याने तयार करतो. आधीचे मागणे पुरे होण्याआधी माणूस पुन्हा बटन दाबतो. रांग वाढत जाते.’

‘१२.२०. निम्मा भार फक्त चार घरांचा. सगळ्यात जास्त सावलीहून, एका घरातून, मिनिटाला साठच्या वर. अर्ज क्रमांक पाहिला. पल्लवी. गुरुजींना सांगितले, दाबू नका. ऐकणार नाहीत.’

‘१२.३५. साहेबांचा आदेश: हे चार पत्ते बंद करा, पाच मिनिटांत साइट मोकळी होईल. खरे आहे. पण या चार मुली पाचपूर्वी आत येऊ शकणार नाहीत. चारही घरी कोणीतरी बाप बसला असेल. बंद करणार नाही असे सांगितले. साहेब रागावले. वेळ मागितला.’

त्याखाली साडेतीन तासांच्या बारीक बारीक नोंदी होत्या. एका वेळी एकच बदल, दर बदलानंतर दहा मिनिटं थांबून मोजलेलं. शेवटी लिहिलं होतं, ‘४.१०. यादी एकदाच तयार करून बाजूला ठेवली. मागेल त्याला तीच तयार यादी. भार उतरला. ४.१८ पल्लवी आत. ४.५२ शेवटची मुलगी आत, एटापल्लीची. जेवण झाले नाही.’

मी ते पान किती वेळ धरून बसलो, ते मोजायला तिथं कुणी नव्हतं. ज्या दारावर मी धडका मारत होतो ते माझ्याच धडकांनी अडलं होतं, आणि ज्या माणसाला मी दगड म्हटलं तो माझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडायला तयार होऊन बसला होता. माझ्यासाठी म्हणायचीही सोय नाही. न पाहिलेल्या आणखी तीन बापांसाठीही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. तसाच हैदराबादला फोन लावला.

“साडभाऊ,” मी म्हटलं.

“गुरुजी? आवाज कसा येऊन राह्यला? परवा तं ठीक होता. काय बदललं?”

“ते सावलीचं घर,” मी कसंबसं म्हटलं. “वही वाचली.”

पलीकडे, मागे कुठंतरी परक्या भाषेत टीव्ही चालू होता.

“तीन वर्षं मी चारचौघांत तुमची थट्टा करत फिरलो. तुम्ही समोर बसून ऐकत होता. एकदा तरी सांगायचं होतं!”

“सांगून काय बदललं असतं जी?” ते म्हणाले. “पोरगी तं आत गेली होती ना.”

पल्लवी आता गडचिरोलीच्या एका दवाखान्यात आहे. रोग्याची नाडी मोजताना मनगट हातात घेऊन ती घड्याळाकडे पाहत अगदी निवांत उभी राहते, एक ठोका इकडे-तिकडे होऊ देत नाही. हे तिने माझ्याकडून उचललेलं नाही, एवढं मी शपथेवर सांगतो. मी मात्र एक शिकलो आहे. आताशा एखादी साइट उघडेनाशी झाली, गोल चाक फिरायला लागलं, की मी फोन टेबलावर पालथा ठेवतो आणि दहा मिनिटं हात मांडीवर घेऊन बसतो. बायको विचारते, काय करून राह्यले? मी म्हणतो, काही नाही. त्या दहा मिनिटांत मला साडभाऊंची फार आठवण येते.